चिता, चिंता आणि सर्च सर्व्हर

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे योगायोगाने एकाच विषयावरची निघाली, म्हणून या अंकात इतर शंका बाजूला ठेवून अपाची सोलर या सर्च सर्व्हरलाच, म्हणजे साठवलेल्या मजकुरात शब्द शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमलाच, सगळी जागा दिली आहे. उच्चार ‘सोलर’ असला तरी सौरऊर्जेशी याचा काही संबंध नाही. योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट या अमेरिकी कंपनीत असताना तो लिहिला आणि २००६ मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये तयार केलेली ल्यूसीन ही लायब्ररी त्याच्या पोटात काम करते. इलास्टिकसर्च या दुसऱ्या सर्च सर्व्हरच्या पोटातही ल्यूसीनच असल्यामुळे तो वापरणाऱ्यांनाही यातील बरीच उत्तरे लागू पडतील. सेटिंगची नावे तेवढी वेगळी असतील.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाने एका जुन्या मासिकाचे १९३० ते १९७० या काळातील अंक युनिकोडमध्ये टंकून घेतले आणि सोलरमध्ये भरले. ‘पाणी’ असा शोध घेतला तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ असे शब्द असलेले लेख येत नाहीत. ‘काही’ शोधले तर जुने ‘कांहीं’ सापडत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर काही लेखांत डोळ्यांना स्पष्ट दिसतो, पण शोधात येत नाही. मराठी भाषा निवडण्याचे सेटिंग कोठे आहे? (एक कार्यकर्ते, सातारा जिल्हा)

उत्तर : असे सेटिंग नाही. सोलरबरोबर येणाऱ्या स्कीमामध्ये, म्हणजे नोंदीत कोणते रकाने (फील्ड) असतील हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, हिंदीसाठी तयार फील्ड-प्रकार आहे, ल्यूसीनमध्ये बंगाली आणि तमिळसाठीही साधने आहेत, पण मराठीसाठी तयार काही मिळत नाही. तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण आपल्या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी दोन पुरत्या, तर तिसरी बऱ्याच अंशी दूर करता येते.

सोलर शोधाच्या वेळी लेख उघडून वाचत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक सूची तो लेख भरतानाच तयार करून ठेवतो आणि पुढे केवळ त्या सूचीत बघतो. सूचीत शब्द ज्या रूपात गेला त्याच रूपात विचारला तर तो सापडतो. एका अक्षराचा, किंबहुना एका अदृश्य चिन्हाचा फरक पडला तरी सापडत नाही. त्यामुळे शब्द सूचीत जाताना त्याचे काय करायचे हे ठरवणे, हेच सोलरच्या व्यवस्थापनातील खरे काम आहे, आणि मराठीच्या बाबतीत ते आपल्यालाच करावे लागते.

‘दुसऱ्या’ची तक्रार सर्वांत चमत्कारिक वाटते, पण सर्वांत सोपी तीच आहे. त्यातला अर्धा ऱ संगणकात निदान तीन प्रकारे साठवला जातो. कोणी ऱ आणि हलन्त टंकतो; कोणाच्या कीबोर्डवरून र, नुक्ता आणि हलन्त असा क्रम येतो; तर कोणाच्या जुन्या सॉफ्टवेअरने र, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे चिन्ह घातलेले असते. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, सूचीत मात्र तीन वेगळे शब्द होतात. पहिली दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य असल्यामुळे नेहमीच्या युनिकोड प्रमाणीकरणाने एक होतात; तिसरे होत नाही. ‘ॲ’ची गत याहून वाईट आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडत, काही जण ‘ऍ’ वापरत, आणि या रूपांना युनिकोड समतुल्य मानतच नाही. चार टंकलेखकांनी मजकूर टंकला असेल, तर ‘ॲक्ट’ हा शब्द आपल्या संग्रहात दोन-तीन रूपांत नक्कीच असणार.

यावरचा उपाय म्हणजे ‘मॅपिंग कॅरॅक्टर फिल्टर’. ही एक साधी टेक्स्ट फाइल असते; डाव्या बाजूला येईल ते रूप आणि उजव्या बाजूला हवे ते रूप लिहायचे. मजकुराचे शब्दांत तुकडे होण्याआधीच हा फिल्टर चालतो. त्यात अर्ध्या ऱची तिन्ही रूपे ऱ आणि हलन्त या एका रूपावर आणा, तसेच ‘ॲ’ची सर्व रूपे एका रूपावर आणा. मात्र ते अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकण्याचा मोह टाळा. ते नुसतेच पुसले तर ‘आचाऱ्यांना’ शब्दाचे ‘आचार्यांना’ होते आणि जेवणावळीतल्या स्वयंपाक्यांवरचा लेख गुरुकुलावरच्या लेखांत जाऊन बसतो.

‘कांहीं’ची अडचण शुद्धलेखनाची आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ही रेषा आपल्या संग्रहाच्या बरोबर आतून जाते, त्यामुळे एकाच मासिकाच्या अंकांत ‘गांव’ आणि ‘गाव’, ‘नाहीं’ आणि ‘नाही’, ‘मुलें’ आणि ‘मुले’ अशी दोन्ही रूपे भेटतात. असे शब्द हजारोंनी असल्यामुळे समानार्थी शब्दांची यादी करून हे काम संपणार नाही. त्यापेक्षा सूचीत जाताना आणि शोधाच्या वेळीही अनुस्वार काढून टाकणारा फिल्टर लावणे सोपे आहे. ‘सुंदर’चे ‘सुदर’ झाले तरी बिघडत नाही, कारण वाचकाला ते रूप कधी दिसत नाही आणि त्याच्या शोधातील ‘सुंदर’चेही ‘सुदर’च होते. बिघडते ते अन्यत्र: ‘चिंता’ आणि ‘चिता’ हे एकच शब्द होतात. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला, हा फरक सर्व्हरला कळत नाही.

म्हणून प्रत्येक लेखाचा मजकूर दोन फील्डमध्ये ठेवावा, असे माझे मत आहे. पहिले फील्ड काटेकोर असावे आणि त्यात केवळ वर सांगितलेली अक्षररूपे एक करावीत. दुसरे फील्ड सैल असावे आणि त्यात अनुस्वार जावेत, ऱ्हस्व-दीर्घ एक व्हावे, प्रत्यय गळावेत. ‘कॉपी फील्ड’ या सोयीने सोलर स्वतःच एका फील्डमधील मजकूर दुसऱ्यात घालतो, त्यामुळे भरण्याचे काम दुप्पट होत नाही; डिस्कवर जागा तेवढी जास्त लागते. शोध दोन्ही फील्डमध्ये घ्यावा आणि काटेकोर फील्डला पाचपट-दहापट वजन द्यावे. मग ‘चिंता’ शोधणाऱ्याला चिंतेवरचे लेख आधी दिसतील आणि स्मशानातले खाली जातील.

सैल फील्डसाठी हिंदीच्या तयार साखळीतील ‘इंडिक नॉर्मलायझेशन’ आणि ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ हे दोन फिल्टर उसने घेता येतात. त्यांपैकी दुसरा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो, नुक्ते आणि हलन्त काढतो आणि अर्ध्या न्चा अनुस्वार करतो, त्यामुळे ‘अन्त’ लिहिणारे जुने लेखक आणि ‘अंत’ लिहिणारे नवे एकत्र येतात. अनुस्वार काढणारा फिल्टर याच्यानंतर लावावा, आधी लावल्यास हे नव्याने झालेले अनुस्वार मागे उरतील. हा फिल्टर चंद्राचीही मात्रा करतो, म्हणजे ‘बॅट’ आणि ‘बेट’ एक होतात, तसेच ‘दिन’ आणि ‘दीन’ही. सैल फील्डमध्ये हे चालेल. काटेकोर फील्डला मात्र याचा स्पर्शही होऊ देऊ नये. त्याच साखळीच्या शेवटी असलेला हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटणारा फिल्टर, मराठीला लावू नये, कारण त्याला आपले प्रत्यय ठाऊक नाहीत आणि तो भलतीकडे कात्री चालवतो.

‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ यांची गाठ घालणे खरोखर कठीण आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि पाणी–पाण्या, देऊळ–देवळा, फूल–फुला अशा प्रत्येक जोडीची तऱ्हा निराळी असते. मी दोन टप्प्यांचा मार्ग सुचवतो. आधी ‘पॅटर्न रिप्लेस’ फिल्टरने शब्दाच्या शेवटचे ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘च्या’, ‘चा’, ‘ला’ यांसारखे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये काढावीत. लांब आधी, आखूड नंतर, आणि मागे निदान तीन अक्षरचिन्हे उरत असतील तरच. ‘त’ या प्रत्ययाला हात लावताना फार जपावे, नाहीतर ‘पाण्यात’बरोबर ‘पर्वत’ आणि ‘गणित’ही कापले जातील. त्यानंतर ‘स्टेमर ओव्हरराइड’ नावाचा फिल्टर लावून त्याला दोन रकान्यांची फाइल द्यावी: एकीकडे ‘पाण्या’, दुसरीकडे ‘पाणी’, एकीकडे ‘देवळा’, दुसरीकडे ‘देऊळ’. हे दोन्ही टप्पे ऱ्हस्व-दीर्घ एक करणाऱ्या फिल्टरच्या आधी ठेवावेत, म्हणजे फाइलमधील शब्द नेहमीच्या लेखनात लिहिता येतात. मात्र या फाइलने हात लावलेला शब्द ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ पुढे तसाच सोडतो, म्हणून मूळ शब्दाचीही ‘पाणी’–‘पाणी’ अशी ओळ फाइलमध्ये घालावी, नाहीतर दोघांची गाठ पडणार नाही. ही फाइल व्याकरणाचे पुस्तक समोर ठेवून भरायला बसू नका. शोधाच्या लॉगमध्ये ज्या शब्दांना शून्य उत्तरे मिळाली ते शब्द दर आठवड्याला काढा आणि तेवढेच भरा. आपले वाचक जे शब्द खरोखर विचारतात त्यांच्यापुरती ही फाइल लवकरच पुरी पडू लागते.

हे सर्व करताना सोलरच्या व्यवस्थापन-पानावरील ‘ॲनालिसिस’ हा भाग सतत उघडा ठेवा. तेथे एका चौकटीत ‘पाण्याचा’ आणि दुसरीत ‘पाणी’ टाकले की प्रत्येक फिल्टरनंतर शब्दाचे काय झाले ते ओळीने दिसते, आणि अंदाज बांधण्याची गरज राहत नाही. स्कीमा बदलल्यावर आधी भरलेली सूची आपोआप बदलत नाही. सर्व लेख पुन्हा भरावे लागतात. हे विसरल्यामुळे ‘फिल्टर लावला, पण फरक पडला नाही’ असे सांगणारी पत्रे मला वारंवार येतात.

प्रश्न : आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर बातमी टाकली की ती लगेच शोधात यावी म्हणून आम्ही प्रत्येक बातमीनंतर ‘कमिट’ करतो. वाचक वाढल्यापासून शोध अडखळतो आणि लॉगमध्ये ‘ओव्हरलॅपिंग ऑन-डेक सर्चर्स’ असा इशारा येतो. आकडा वाढवून तो इशारा बंद करावा का? (एक वेब डेव्हलपर, पुणे)

उत्तर : आकडा वाढवू नये. तो इशारा म्हणजे तापमापीचा पारा आहे. तापमापी बदलून ताप उतरत नाही.

कमिट या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात. ‘हार्ड कमिट’ मजकूर डिस्कवर पक्का करतो आणि नवा ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे आलेल्या बदलांची रोजवही, सुरू करतो. ‘सॉफ्ट कमिट’ नवा मजकूर शोधाला दिसू देतो. शोधाला दिसण्यासाठी सोलरला नवा ‘सर्चर’, म्हणजे सूचीत बघणारा भाग, उघडावा लागतो, आणि नवा सर्चर उघडला की जुन्याच्या सगळ्या कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली तयार उत्तरे, निरुपयोगी होतात. नव्याच्या कॅश गरम करण्यात पुन्हा वेळ जातो. पहिला सर्चर गरम होत असतानाच आपण दुसरा आणि तिसरा मागता, तेव्हा तो इशारा येतो.

आपल्या कोडमधील कमिट काढून टाका आणि ते काम सर्व्हरवर सोपवा. हार्ड कमिट दर १५ सेकंदांनी, नवा सर्चर न उघडता, ही सोलरच्या नमुना-कॉन्फिगमधली व्यवस्था उत्तम आहे. ती तशीच ठेवा. सॉफ्ट कमिट दर मिनिटाला ठेवा. बातमी एक मिनिट उशिरा शोधात आल्याने कोणाचे काही अडत नाही, कारण ताजी बातमी वाचक मुखपृष्ठावर वाचतो. शोधपेटीकडे तो जुन्या बातमीसाठी वळतो. संपादकांना ते पटत नसेल तर तीस सेकंद ठेवा, पण एक सेकंद नको. हार्ड कमिट पूर्ण बंद करण्याची चूकही करू नका, कारण मग ट्रान्झॅक्शन लॉग फुगत जातो आणि सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू होताना तो सगळा लॉग वाचत बसतो.

प्रश्न : सर्व्हरवर ३२ जीबी रॅम आहे. त्यातील २८ जीबी सोलरच्या हीपला दिली, तरी ८० लाख नोंदींवर शोध पूर्वीपेक्षा मंद झाला. आणखी रॅम घ्यावी का? (सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, एका सहकारी संस्थेत)

उत्तर : आणखी रॅम घेण्याआधी दिलेली परत घ्या. हीप म्हणजे सोलर ज्या जावावर चालतो तिला राखून दिलेली रॅम. ल्यूसीन आपल्या सूचीच्या फाइली हीपमध्ये वाचत नाही. त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून वाचल्या जातात, आणि ती कॅश हीपला न दिलेल्या रॅममध्ये असते. आपण तिच्यासाठी चार जीबी ठेवली आणि त्यातही इतर प्रक्रिया आल्या, म्हणून प्रत्येक शोधाला डिस्कची पायरी चढावी लागते. ८ जीबीपासून सुरुवात करा आणि गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे हीपमधील नको असलेली माहिती झाडून काढण्याचा, लॉग पाहून ठरवा. सोलरचा मूळ आकडा ५१२ एमबी असतो आणि तो प्रत्यक्ष वापराला पुरत नाही, हे खरे. पण त्यावरून जास्तीत जास्त हीप चांगली असा अर्थ निघत नाही. जाता जाता सांगतो, मोठा सर्व्हर मिळाला तरी हीप सुमारे ३२ जीबीच्या पलीकडे नेऊ नये, कारण त्यानंतर जावाला पत्ते आखूड रूपात ठेवता येत नाहीत आणि वाढवलेली बरीच जागा त्यातच जाते.

मुळात एवढी हीप का लागली, याचाही शोध घ्यायला हवा. आपण पाठवलेल्या लॉगमध्ये तारखेच्या प्रत्येक फिल्टरमध्ये ‘आत्ता’ ही वेळ मिलिसेकंदापर्यंत जाते. फिल्टर कॅशमधील मोठ्या उत्तराची एक नोंद दर दस्तऐवजाला एक बिट घेते. ८० लाख दस्तऐवजांना सुमारे १ एमबी. कॅशमध्ये ५१२ नोंदी ठेवल्या की अर्धा जीबी तेथेच गेला. एवढी जागा वापरूनही प्रत्येक शोधातील मिलिसेकंद वेगळा असल्यामुळे यांतील एकही नोंद पुन्हा उपयोगी पडत नाही. वेळ दिवसाच्या सुरुवातीपर्यंत मागे आणून लिहिली की दिवसभर एकच नोंद सर्वांना पुरते. याशिवाय ज्या फील्डवर क्रम लावता किंवा वर्गवार मोजणी करता त्यांना ‘डॉक व्हॅल्यूज’, म्हणजे डिस्कवर रकान्यानुसार मांडलेली मूल्ये, चालू आहेत ना, ते पाहा. नसतील तर सोलर ती माहिती हीपमध्ये उलटी करून मांडतो. हा बदल केल्यावरही नोंदी पुन्हा भराव्याच लागतील.

कोणी दहा-दहा नोंदींची हजारावी पाने मागत असेल, तर तेही थांबवा. दहा हजाराव्या नोंदीपासून पुढच्या दहा हव्यात म्हटले की सोलरला आधीच्या दहा हजारही क्रमाने लावाव्या लागतात. संपूर्ण यादी उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘कर्सर मार्क’ ही थांबलेल्या जागेपासून पुढे मागण्याची सोय आहे, आणि माणूस काही हजाराव्या पानापर्यंत जात नाही.

प्रश्न : सोलरचे व्यवस्थापन-पान घरूनही उघडता यावे म्हणून पोर्ट ८९८३ इंटरनेटवर खुले ठेवले आहे. पत्ता कोणाला ठाऊक नाही. काही धोका आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे वाचून झाल्यावर अंक बाजूला ठेवा आणि ते पोर्ट बंद करा. सोलरला मुळात पासवर्ड नसतो, आणि पत्ता ठाऊक असण्याची गरज नसते, कारण इंटरनेटवरील सर्व पत्त्यांवर खुली पोर्टे चाचपून पाहणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. एका ओळीच्या आज्ञेने आपली संपूर्ण सूची पुसता येते. २०१९ मध्ये व्हेलॉसिटी टेम्प्लेटमधील त्रुटीतून आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फॉर-जे या लायब्ररीतील त्रुटीतून दूरच्या माणसाला थेट सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता; दुसरी त्रुटी सोलरपुरती ८.११.१ या आवृत्तीत बुजवली गेली. आवृत्ती ९ पासून सोलर मूळ सेटिंगमध्ये त्याच संगणकापुरता ऐकतो. आपण ते मुद्दाम बदललेले दिसते. घरून काम करायचे असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल अशी पासवर्ड-किल्लीने राखलेली खासगी वाट वापरा. वाचकाच्या ब्राउझरमधील शोधही सोलरकडे थेट जाऊ देऊ नका. मध्ये आपला प्रोग्रॅम ठेवा.

प्रश्न : आमचा सोलर आवृत्ती ७ चा आहे. तो ८ वर आणि मग ९ वर असा पायरीपायरीने न्यावा, असा सल्ला मिळाला. सूचीचा बॅकअप घेतलेला आहे. एवढे पुरेसे आहे का? (एका महाविद्यालयातील ग्रंथपाल, नागपूर)

उत्तर : पुरेसे नाही. सूची कोणत्या मुख्य आवृत्तीत प्रथम तयार झाली याची नोंद ल्यूसीन सूचीतच ठेवतो आणि केवळ एक पाऊल मागची सूची उघडतो. ७ मध्ये तयार झालेली सूची ८ वर उघडेल, पण ८ वर कितीही दिवस वापरली तरी ९ तिला नाकारेल. मधली पायरी चढून काही साधत नाही. थेट ९ चा वेगळा सर्व्हर उभा करा, मूळ डेटाबेसमधून सर्व नोंदी नव्याने भरा, नेहमीचे वीस-पंचवीस शोध दोन्हीकडे घेऊन उत्तरे ताडून पाहा आणि मगच आपल्या प्रोग्रॅममधील पत्ता बदला. सोलर-क्लाउड, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून चालणारा सोलर, वापरत असाल तर प्रोग्रॅमला कलेक्शनचे (त्यातील एका नोंदसंग्रहाचे) खरे नाव न देता ‘एलियास’, म्हणजे टोपणनाव, द्या, म्हणजे पुढच्या वेळी नोंदी नव्या कलेक्शनमध्ये भरून झाल्यावर केवळ एलियास वळवावा लागेल आणि वाचकांना काही जाणवणार नाही.

बॅकअप सूचीचा आहे, असे आपण लिहिले आहे. मूळ नोंदी कोठे आहेत, याचा पत्रात उल्लेख नाही. त्या केवळ सोलरमध्येच असतील, तर ज्या फील्डचा मजकूर साठवलेला नाही ती त्यातून परत मिळणार नाहीत. आवृत्ती बदलण्याआधी कोणती फील्ड साठवलेली आहेत ते स्कीमामध्ये पाहून मला कळवा, म्हणजे पुढच्या अंकात त्याबद्दल लिहिता येईल.